फ्रिजमधला हिवाळा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात दोन-तीन जणांनी विचारलं, ब्लॉग बंद केलास का? बंद नाही केला. पण जानेवारीत आई गेल्यावर लिहायला बसलं की तेच सुचायचं आणि ते लिहावंसं वाटायचं नाही. आज मात्र लिहायचंच आहे. विषय म्हणजे आमच्या नेरूळच्या बाल्कनीतलं मेपलचं झाड. नात्यातल्या बहुतेकांनी ते पाहिलंय, काहींनी त्याच्याबरोबर फोटोही काढलेत. 'ताईचं झाड' म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे.

ते ताईचं झाड नाही.

ताई, तू हे टोरोंटोत बसून वाचत असशील. फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही. लिहिताना जरा इकडचं तिकडचं बोलता येतं, म्हणून हा मार्ग. वाटेत इतिहासाचं बरंच पाल्हाळ आहे, कारण गेली चार-पाच वर्षं मी त्याच नादात होतो. घाई असेल त्यांनी मधलं सोडून दिलं तरी चालेल.

तर २०१८च्या डिसेंबरात ताई आली तेव्हा भाचीच्या जॅकेटच्या खिशात मेपलच्या बिया निघाल्या. शाळेच्या वाटेवर गोळा केलेल्या. दोन पंखांची बी असते ती, वर उडवली की गरगर फिरत खाली येते. (परदेशातून असं बियाणं परवान्याशिवाय आणायचं नसतं, २००३चा सरकारी आदेश आहे, हे मला नंतर कळलं. कुणी हा धडा गिरवू नये.) आईनं त्या बिया हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाली, "लावून बघ की." झालं.

मी आपलं नेहमीसारखं कुंडीत पेरणार होतो. वाचल्यावर कळलं की ही बी अशी उगवत नाही. तिला आधी तीन-चार महिने थंडी लागते, ओलसर आणि गोठण्याच्या जरा वर. तिकडे शरद ऋतूत बी पडते, बर्फाखाली हिवाळा काढते आणि मग जागी होते. थंडी न भोगता उगवली तर कोवळं रोप बर्फात सापडायचं, म्हणून बीनं स्वतःला घातलेलं कुलूप आहे ते. आमच्याकडे थंडीची जागा एकच, फ्रिज. ओल्या टिश्यूत गुंडाळून बिया डब्यात घातल्या आणि डबा ताकाच्या भांड्याशेजारी ठेवला. आईनं तीन महिने तो डबा इकडून तिकडे सरकवत कुरकुर केली. २०१९च्या मार्चअखेर उघडला तर आठपैकी दोन बियांना मूळ फुटलेलं. एक रोप आठवड्यात गेलं. दुसरं जगलं, आणि आईनं त्याचा ताबा घेतला.

पान जरा मोठं झाल्यावर त्याची जात शोधायला लागलो तर गंमतच निघाली. ते कॅनडाचं मेपल नव्हतंच, ते निघालं नॉर्वे मेपल. युरोपातलं झाड, अठराव्या शतकात अमेरिकेत नेलेलं. धूर, धूळ, फुटपाथ काहीही सोसतं म्हणून टोरोंटोच्या रस्त्यांवर ते रांगेनं लावलं गेलं, आणि आता तिथल्या रानात घुसून मूळच्या मेपलांना दडपतं म्हणून तिथले लोक त्याच्यावर चिडलेत. २०१३च्या सुमारास कॅनडाच्या नव्या प्लॅस्टिकच्या नोटांवरून वादही झाला होता. नोटेवरचं पान आपल्या मेपलचं नाही, नॉर्वे मेपलचं आहे, असं तिथल्या एका वनस्पतितज्ज्ञानं म्हटलं होतं. म्हणजे आईच्या कुंडीत लेकीच्या देशाची खूण म्हणून जे वाढत होतं, ते त्या देशातही बाहेरूनच आलेलं. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "ताई तरी कुठे तिथली आहे?"

कॅनडाच्या झेंड्यावर मेपलचं पान आलं ते १९६५ साली. त्याच वर्षी इकडे चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांची खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना 'मार्ग' नियतकालिकात छापून आली. १९७०मध्ये सिडको झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, आणि आज आमची इमारत उभी आहे तिथली खाजणं नि भातशेती भरावाखाली गेली. ज्यांची शेतं गेली त्यांनी १९८४च्या जानेवारीत उरणकडे दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केलं, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. आम्ही आलो ते यानंतर, रेल्वे आल्यावर. आमच्या मजल्यावर एकही घर मूळ नेरूळचं नाही. कुंडीतली लाल मातीसुद्धा नर्सरीतून गोणीनं विकत आणलेली. खालची जमीन खारी, भरावाची, तिच्यात काय उगवणार!

पण शहरात झाडं आहेत आणि चांगली फोफावलीत, हे मान्य करायला हवं. खाली रस्त्यावर पाहिलं की गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री. यातलं एकही इथलं नाही. गुलमोहर मादागास्करचा. बोजर नावाच्या वनस्पतितज्ज्ञाला तो १८२८च्या सुमारास तिथे सापडला, मॉरिशसला गेला, आणि १८४०च्या सुमारास मुंबईत शिवडीला दिसल्याचं सांगतात. दोनशे वर्षं झाली नाहीत त्याला इथे येऊन, आणि साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो! रेन ट्री दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला. सोनमोहर श्रीलंका, मलाया, इंडोनेशियाकडचा.

मग मला प्रश्न पडला की हे सगळे रुळले आणि आमचं एवढंसं रोप का कुढतंय? कारण ते कुढत होतं. सगळं करून झालं होतं. पूर्वेची बाल्कनी, नऊनंतर ऊन नको म्हणून जुन्या धोतराचा पडदा, मातीची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मध्ये ओली वाळू, वर नारळाच्या शेंड्या. आई रोज तांदळाचं धुवण घालायची, ते मुळं कुजतील म्हणून मी बंद करायला लावायचो आणि मी ऑफिसला गेलो की ती परत घालायची. तरी एप्रिल आला की पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत व्हायच्या. त्याहून वाईट म्हणजे डिसेंबरात ते झोपायचं नाही. अर्धी पानं गळायची, अर्धी तशीच लटकत राहायची, आणि फेब्रुवारीत नवी पालवी यायची ती आदल्या वर्षीपेक्षा बारीक.

याचं उत्तर साधं आहे, पण मला ते समजायला वेळ लागला. मेपल दिवस मोजतं आणि थंडी मोजतं. टोरोंटोत सर्वांत मोठा दिवस जवळपास साडेपंधरा तासांचा आणि सर्वांत लहान नऊ तासांचा. आपल्याकडे सव्वातेरा आणि अकरा. दिवस लहान होत चालला की झाड पानांतलं सत्त्व परत ओढून घेतं, पानं रंगवून टाकून देतं आणि कळ्या बंद करतं. त्या कळ्या पुन्हा उघडायला शून्य ते सात अंशांच्या आसपासची थंडी शेकड्यांनी तास मिळावी लागते. नेरूळला थंडीची लाट म्हणून पेपरात छापून येतं तेव्हा रात्रीचा पारा चौदा-पंधरावर असतो. झाडाला संध्याकाळच होत नाही आणि रात्रही होत नाही. जागरणानं माणसाचं होतं तसं त्याचं होतं. गुलमोहर, रेन ट्री आले ते उष्ण प्रदेशातून, हिवाळा हा प्रकारच त्यांना ठाऊक नाही. त्यांची पानं गळतात ती कोरड्या दिवसांत पाणी वाचवायला, थंडीसाठी नाही.

झाडांची ही देवघेव मुंबईत जुनी आहे. १८३०मध्ये इथे ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी निघाली, तिची बाग शिवडीला होती. पुढे ती जागा दफनभूमीला गेली आणि बाग भायखळ्याला आली. तीच १८६२मध्ये उघडलेली राणीची बाग. लहानपणी आपण तिथे हत्ती बघायला जायचो, ताई, आठवतंय? आफ्रिकेतली गोरखचिंच तिथे आहे, आणखी कुठकुठली झाडं आहेत. ती नेण्याआणण्याची मोठी अडचण म्हणजे प्रवास. महिनोन्‌महिने जहाजाच्या डेकवर खारं वारं, गोड्या पाण्याची टंचाई. निघालेल्या रोपांतली फारच थोडी जिवंत पोचायची.

ही अडचण सोडवली लंडनच्या एका डॉक्टरनं, आणि तीही चुकून. नॅथॅनियल वॉर्ड त्याचं नाव. घराभोवतीच्या धुरानं त्याची नेच्याची रोपं मरायची. १८२९मध्ये त्यानं पतंगाचा कोष ओल्या मातीत घालून बाटली बंद करून ठेवली होती, पतंग कसा बाहेर येतो ते पाहायला. पतंगाचं काय ते असो, त्या मातीत नेचा आणि गवत उगवलं आणि पाणी न घालता वाढत राहिलं. दिवसा वाफ काचेला लागायची, रात्री पाणी होऊन परत मातीत. त्यानं मग काचेच्या बंद पेट्या करून १८३३मध्ये रोपं ऑस्ट्रेलियाला धाडली. ती सिडनीला सुखरूप पोचली, आणि त्याच पेट्यांतून तिकडची रोपं जिवंत लंडनला आली. या 'वॉर्डच्या पेटी'नं पुढे जगाचा नकाशा बदलला. रॉबर्ट फॉर्च्युननं चीनमधून चहाची हजारो रोपं हिंदुस्थानात आणली ती अशाच पेट्यांतून.

पण पेटी प्रवासात झाड जगवते, मुक्कामाला पोचल्यावर नाही. याची मला सर्वांत जवळची वाटलेली गोष्ट सिंकोनाची. मलेरियावरचं क्विनाइन याच्या सालीतून निघतं. ते पेरूच्या डोंगरांतून आणायला क्लेमंट्स मार्कहॅम गेला. १८६०मध्ये त्याच्या पेट्या इंग्लंड, तांबडा समुद्र, मुंबई असा फेरा घेत उटीकडे निघाल्या आणि वाटेतल्या उकाड्यात ती रोपं बहुतेक सगळी दगावली. दुसऱ्या माणसांनी आणलेली पुढे उटीला जगली. ते पाहून आपल्या महाबळेश्वरलाही, लिंगमळ्याला, त्याच दशकात सिंकोनाची लागवड केली गेली. थंड हवा, उंची, सगळं आहे की! पण तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि मग सात-आठ महिने कोरडे. दहाएक वर्षांत लागवड सोडून द्यावी लागली. आपण लिंगमळ्याला धबधबा बघून भजी खाऊन परत येतो, तिथे एवढ्या सरकारी आशा कुजल्यात हे कुणी सांगत नाही. तिथून जवळच पाचगणीत जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं सिल्व्हर ओक लाववले, ते मात्र असे रुजले की पाचगणी म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतात. ते ऑस्ट्रेलियाच्या उबदार पूर्व किनाऱ्याकडचे. दोघंही परके, दोघांनाही डोंगर दिला. एकाला मानवला.

हे सगळं मी वाचत होतो ते २०२१च्या उन्हाळ्यात, घरात कोंडलेला असताना. त्या एप्रिलमध्ये कॅनडानं भारतातून येणारी विमानं बंद केली. ताईचं येणं आधीच दोनदा रद्द झालं होतं. आई एकोणऐंशीची. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा आणि फोन आधी झाडाकडे न्यावा लागायचा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात झाड गेलं. दोन दिवस पानं माना टाकून होती, खोड नखानं खरवडून पाहिलं तर आत हिरवं काही नाही.

आईचं गुडघ्याचं दुखणं तेव्हा वाढलेलं होतं, ती खोलीतून बाल्कनीपर्यंत येत नव्हती. मी कुंडी आतल्या बाजूला सरकवली, "ऊन लागतंय, आडोशाला ठेवलंय" म्हटलं, आणि डोंगराळ भागातल्या एका नर्सरीतून कुरियरनं दुसरं रोप मागवलं. नॉर्वे मेपल कुठेच मिळेना, म्हणून जपानी मेपल. (त्याआधी ऑनलाइन 'निळ्या मेपलच्या बिया'ही मागवून झाल्या होत्या. निळं मेपल जगात नसतं. उगवलं ते गवत.) कॉलवर ताईला महिनाभर कुंडीची मागची बाजू दाखवली. नेटवर्क खराब आहे म्हणालो.

जपानी मेपलचं पान तळहाताएवढंही नसतं, पण बोटं पसरलेल्या हातासारखं दिसतं. त्याचं शास्त्रीय नावही त्याच अर्थाचं, ते दिलं थुनबर्ग नावाच्या स्वीडिश डॉक्टरनं. तो १७७५मध्ये डच कंपनीच्या नोकरीत जपानला गेला. परक्यांना तेव्हा नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या बेटाबाहेर पडायची फारशी मुभा नव्हती. मग हा गृहस्थ बेटावरच्या जनावरांसाठी जो चारा यायचा तो उपसून त्यात वनस्पती शोधायचा! त्या वर्षी आमच्यासारखंच घरात बसून जग बघणारा माणूस म्हणून मला तो फार आवडला.

आई बरी होऊन बाल्कनीत आली तेव्हा बराच वेळ झाडाकडे बघत राहिली. "ह्याची पानं अशी बारीक कशी झाली रे?"

"उन्हानं."

"बरं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडीत तांदळाचं धुवण होतं.

या दुसऱ्या झाडासाठी मी फ्रिजचा प्रयोग केला. बी फ्रिजमध्ये हिवाळा काढते तर रोप का नाही? पानं गळलेल्या झाडाला उजेड लागत नाही, फक्त थंडी आणि थोडा ओलावा. काही बोन्सायवाले हे करतात. डिसेंबरात उरलीसुरली पानं कात्रीनं काढली, कुंडीला प्लॅस्टिक गुंडाळलं, खालची जाळी काढून झाड आडवं आत ठेवलं. फळांतून निघणाऱ्या वायूनं कळ्या मरतात म्हणून सफरचंदं आणि चिकू दोन महिने बाहेर. घरात काय बोलणी खाल्ली असतील याची कल्पना करा. बायको म्हणाली, माणसांना जागा नाही आणि झाडाला एसी. आई तेवढी माझ्या बाजूनं होती. "माहेरी गेलंय ते, राहू दे दोन महिने."

आणि माहेरचं मानवलं! २०२२च्या फेब्रुवारीत बाहेर काढलं, आठ दिवसांत सगळ्या कळ्या एकदम फुटल्या. अशी तांबूस, मऊ, एकसारखी पालवी आमच्या बाल्कनीनं पाहिली नव्हती. वॉर्डनं पेटीत पाऊस कोंडला होता, मी हिवाळा कोंडला. त्या आठवड्यात मी फार फुशारलो होतो. ताई, तू फोटो पाहून लिहिलंस, "आमच्या दारातलंसुद्धा एवढं छान फुटत नाही." मी ते आईला वाचून दाखवलं आणि मला गिळता येईना.

२०२३च्या मेमध्ये एका लग्नाला पाच दिवस बाहेर गेलो, आईही बरोबर होती. परत आलो तर झाड वाळलेलं. पावसाळ्यात तिसरं मागवलं. या वेळी काही बहाणा करायची तयारी करून बसलो होतो, पण आईनं काही विचारलंच नाही. कुंडीपाशी खुर्ची ओढून बसली, पानाला बोट लावलं आणि म्हणाली, "हे तरी टिकव."

त्या 'तरी'वर मी अजून अडलोय.

तुझ्याकडेही हेच चालतं, नाही का? कढीपत्त्याची कुंडी ऑक्टोबर लागला की घरात, खिडकीशी, वर दिवा. तुळस तर दर हिवाळ्यात जाते आणि दर उन्हाळ्यात तू नवी लावतेस. आईला तू कधी सांगितलं नाहीस की ही ती तुळस नाही. तिला ते माहीत होतं, हे मला तिनंच एकदा सांगितलं. संगमेश्वरच्या वृंदावनातली तुळसही दर दोन-तीन वर्षांनी बदलली जायची, मंजिऱ्या झटकून तिच्याच पायाशी नवी. पण ती तिच्याच बीची असायची, आणि मी कुरियरनं मागवलेली, तेव्हा माझी सुटका त्यात होत नाही.

जानेवारीत तू दोन दिवस उशिरा पोचलीस. निघताना बाल्कनीत उभी राहून झाडाचा फोटो काढलास आणि म्हणालीस, निदान हे तरी तिच्या हातचं आहे. तेव्हा बोलायला हवं होतं. धुवण तिच्या हातचं होतं, एवढं खरं आहे. ती कुंडीही तीच, पहिली.

आता डिसेंबर लागलाय. एका मित्रानं पाचगणीला नेऊन ठेवतो म्हटलं होतं. पण तिथली रात्र दहा-बारा अंशांची, तेवढ्यानं याचं भागणार नाही, आणि लिंगमळ्याचं वाचल्यापासून मला नुसत्या डोंगरावर भरवसा नाही. काल सकाळी उरलेली पानं काढली. अठरा होती. चिकू बाहेर काढले, जाळी काढली, कुंडी आत आडवी ठेवली आणि चार अंशांवर काटा लावला.

वर्षश्राद्धाला येशील तेव्हा ते आतच असेल, फेब्रुवारीपर्यंत. खालच्या खणातली भाजी काढताना जपून काढ, फांदीचं टोक दाराकडे आहे.